‘नारु’ : एका जपानी क्रियापदाचा इतिहास आणि कर्त्याचा प्रश्न

१

जपानी भाषेतील ‘नारु’ हे क्रियापद कोशात पाहू गेल्यास त्याचा पहिला अर्थ ‘होणे’ असा मिळतो, आणि तेवढ्यावर भागेल असे प्रथमदर्शनी वाटते. बर्फाचे पाणी होते, विद्यार्थ्याचा वैद्य होतो, हिवाळा सरून वसंत होतो, बोलता बोलता रात्रीचे दहा होतात. या सर्व ठिकाणी जपानी वाक्याच्या शेवटी ‘नारु’ येते. परंतु झाडाला फळ धरते तेथेही ‘नारु’च येते. शोगी या जपानी बुद्धिबळात मोहरे शत्रूच्या प्रदेशात शिरले की ते उलटे करून ठेवतात आणि त्याचे बळ वाढते. या बदलालाही ‘नारु’ म्हणतात. याच खेळातून ‘नारिकिन’, म्हणजे ‘सोने झालेला’, हा शब्द आला आणि पहिल्या महायुद्धाच्या (१९१४–१८) तेजीत एकाएकी गबर झालेल्या माणसांना तो चिकटला. ‘नारियुकी’ म्हणजे होत होत जाणे, घटनांचा ओघ. शेअर बाजारात भाव न ठरवता, चालू असेल त्या भावाने खरेदी-विक्रीची जी मागणी नोंदवतात तिलाही हाच शब्द आहे.

व्याकरणाच्या अंगाने पाहिल्यास या क्रियापदाची व्याप्ती आणखी वाढते. वरिष्ठ व्यक्ती घरी परतली असे आदराने सांगायचे असता ‘परतणे’ या क्रियेचे नामरूप घेऊन त्याला ‘नारु’ जोडतात. ‘साहेबांचे परतणे झाले’ अशा घाटाचे वाक्य तयार होते. मराठीत ‘आपले येणे केव्हा झाले?’ या प्रश्नात आदराची जी युक्ती आहे तीच ही. स्वतःच्या विवाहाची वार्ता देताना जपानी माणूस ‘आम्ही लग्न करायचे ठरवले’ असे म्हणू शकतो. पण रीतीला धरून तो ‘लग्न करायचे असे झाले आहे’ या अर्थाचे वाक्य वापरतो. आणि कर्तव्य सांगण्याची सर्वांत रूढ रचना म्हणजे ‘नारु’चे नकारार्थी रूप : ‘गेले नाही तर होत नाही’, अर्थात ‘गेलेच पाहिजे’. मराठीतील ‘गेल्यावाचून चालणार नाही’ या प्रयोगाशी तिचे नाते सहज ओळखू येईल. निषेधही याच रूपाने व्यक्त होतो : ‘येथे शिरून होत नाही’, म्हणजे शिरता कामा नये.

फळ धरणे, काळ पालटणे, पद मिळणे, आदर दाखवणे, निर्णय कळवणे, कर्तव्य लादणे अशा परस्परांपासून दूर असलेल्या व्यवहारांत एकच क्रियापद वावरते, तेव्हा त्यांना जोडणारे सूत्र कोणते असा प्रश्न उभा राहतो. या सर्व वाक्यांत एक गोष्ट समान आहे. घटना सांगितली जाते, ती घडवणारा मात्र मागे सरतो, किंवा अजिबात दिसत नाही. हे सूत्र केवळ व्याकरणाचे आहे की जपानी मनाचे, इतिहासदृष्टीचे आणि अखेरीस राजकीय नीतीचेही आहे, यावर गेल्या सव्वादोनशे वर्षांत जपानी विचारवंतांनी जे लिहिले, तो या क्रियापदाचा खरा इतिहास होय. शब्दाच्या अर्थाला इतिहास असतो हे सर्वमान्य आहे; पण शब्दाच्या अर्थनिर्णयालाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळदा अधिक बोलका असतो.

एक खुलासा आरंभीच केला पाहिजे. ‘वाजणे, निनादणे’ या अर्थाचे ‘नारु’ हे उच्चाराने सारखे पण निराळे क्रियापद आहे. त्याचा येथे संबंध नाही. तसेच प्राचीन जपानीत ‘आहे’ या अर्थाचे ‘नारि’ हे सहायक रूप होते, आणि त्याचेही विशेषणात्मक रूप ‘नारु’ असेच होई. ‘असे म्हणतात’, ‘असे ऐकू येते’ या अर्थाचा आणखी एक ‘नारि’ होता. कि नो त्सुरायुकी याने इ. स. ९३५ च्या सुमारास लिहिलेल्या ‘तोसा निक्की’ या प्रवासदैनंदिनीच्या पहिल्याच वाक्यात हे दोन्ही ‘नारि’ येतात. एक ऐकीवाचा, दुसरा असण्याचा. जुने गद्य वाचणाऱ्या जपानी विद्यार्थ्याला ‘असणे’ आणि ‘होणे’ यांची ही ध्वनिगत सरमिसळ प्रत्येक पानावर सोडवावी लागते. पुढील विवेचनात या सरमिसळीचा संदर्भ पुन्हा येणार आहे.

२

‘नारु’च्या अर्थचर्चेचे मूळ स्थान म्हणजे ‘कोजिकी’. ओ नो यासुमारो याने संकलित करून इ. स. ७१२ मध्ये सम्राज्ञी गेनमेई हिला सादर केलेला हा ग्रंथ जपानी भाषेतील उपलब्ध ग्रंथांत सर्वांत जुना मानला जातो. स्वर्ग आणि पृथ्वी प्रथम वेगळी झाली त्या वेळी उच्च स्वर्गभूमीवर जे देव ‘झाले’ त्यांच्या नावांनी त्याचा आरंभ होतो. हे देव कोणी निर्मिले नाहीत, कोणाच्या पोटी ते जन्मलेही नाहीत, ते झाले. पुढे, पृथ्वी अजून कोवळी असून पाण्यावर तेलासारखी, जेलीफिशसारखी तरंगत असताना, वेताच्या कोंबाप्रमाणे वर उसळलेल्या एका वस्तूपासून आणखी देव होतात. सृष्टीच्या आरंभी निर्मात्याची आज्ञा नसून चिखलातून वर येणारा कोंब आहे, ही प्रतिमा पुढच्या सर्व चर्चेच्या केंद्रस्थानी राहिली.

तथापि ‘कोजिकी’ चिनी लिपिचिन्हांत लिहिलेला आहे. ‘होणे, सिद्धीस जाणे’ या अर्थाचे चिन्ह कागदावर आहे. त्याचा जपानी उच्चार वाचकाने पुरवायचा आहे. मात्सुसाका येथे वैद्यकी करणारे मोतोओरी नोरिनागा (१७३०–१८०१) यांनी सुमारे ३५ वर्षे खपून १७९८ मध्ये ‘कोजिकी-देन’ हे ४४ खंडांचे भाष्य पूर्ण केले, ते मुख्यतः या चिन्हांआडचा प्राचीन जपानी ध्वनी पुन्हा ऐकू यावा म्हणून. चिनी विद्येने जपानी मनावर चढवलेले कवच, ज्याला ते ‘चिनी अंतःकरण’ म्हणत, दूर सारावे आणि मूळ शब्दाला हात घालावा, ही त्यांची प्रतिज्ञा होती. त्यामुळे आरंभीच्या वाक्यातील क्रियापदापाशी ते थांबले आणि त्यांनी ‘नारु’चे तीन अर्थ वेगळे केले.

पहिला अर्थ : जे नव्हते ते अस्तित्वात येणे. आरंभीचे देव झाले ते या अर्थाने. दुसरा : एका वस्तूने पालटून दुसरी वस्तू होणे. समुद्रकन्या तोयोतामाबिमे प्रसूतीच्या वेळी प्रचंड जलचराचे रूप घेते, तो हा अर्थ. तिसरा : हाती घेतलेले काम पुरे होणे, तडीस जाणे. देश घडवण्याचे कार्य सहकाऱ्याविना सिद्धीस जाणे कठीण, असे ‘कोजिकी’त म्हटले आहे, ते या अर्थाने.

हे वर्गीकरण कोशकाराचे वाटते, पण त्यात एक ताण दडलेला आहे. पहिल्या दोन अर्थांत कर्त्याची गरज नाही. तिसऱ्यात मात्र आहे. काम तडीस जाते म्हणजे कोणीतरी ते हाती घेतलेले असते, श्रमलेले असते. येथे ‘नारु’ हे करण्याच्या विरुद्ध उभे नाही. ते करण्याचे शेवटचे टोक आहे. ‘नारु’चे सकर्मक जोडरूप ‘नासु’, म्हणजे करणे, सिद्ध करणे, हे त्याच धातूचे आहे. योनेझावा संस्थानाचे सुधारक अधिपती उएसुगी योझान (१७५१–१८२२) यांच्या नावावर प्रसिद्ध असलेले एक उपदेशपर पद्य याच जोडीवर उभे आहे. केले तर होते, केले नाही तर होत नाही, आणि जे होत नाही ते माणसाने केले नाही म्हणून होत नाही, असा त्याचा आशय आहे. नोरिनागांच्याच काळातील हा आशय ‘नारु’ म्हणजे केवळ आपोआप होणे या समजुतीला सरळ छेद देतो.

तिसऱ्या अर्थाबाबत एक विरोधाभासही नोंदवला पाहिजे. ज्या चिनी चिन्हाला नोरिनागांनी ‘नारु’ असे वाचले, त्याच चिन्हाने बौद्ध ग्रंथांच्या चिनी अनुवादकांनी संस्कृत ‘सिद्धि’ ही कल्पना व्यक्त करणारा जोडशब्द घडवला होता. अभिधर्मातील जगाच्या चार अवस्थांपैकी विवर्तकल्प, म्हणजे जग आकार घेण्याचा काळ, याचे चिनी नावही त्याच चिन्हाने बनते. बुद्ध होणे यासाठी जपानीत रूढ झालेला शब्दही तोच. बोलीत तो मरणाचा पर्याय ठरला. अर्थात ज्या शब्दातून नोरिनागा परकी पुटे काढू पाहत होते त्या शब्दाचे लिखित रूप भारत आणि चीन यांच्याकडून आलेले अर्थ शतकानुशतके वाहत होते. शुद्ध, आदिम ‘नारु’ हा वाचनाचा परिणाम आहे. तो संहितेत जसाच्या तसा पडून नव्हता.

संहितेत काय आहे हे एका प्रसंगावरून दिसते. मृत पत्नीच्या शोधात पाताळात जाऊन आलेला इझानागी नदीवर शुद्धिस्नान करतो. त्याने टाकलेल्या काठीपासून, वस्त्रांपासून देव होतात. डावा डोळा धुताना सूर्यदेवी आमातेरासु होते, उजवा धुताना चंद्रदेव, नाक धुताना सुसानोओ. निवेदक प्रत्येक वेळी ‘होणे’ वापरतो. पण लगेच इझानागी आनंदाने बोलतो तेव्हा तो म्हणतो की आपण अपत्यांना जन्म देत आलो आणि शेवटी ही तीन श्रेष्ठ अपत्ये मिळाली. निवेदक ज्याला ‘होणे’ म्हणतो त्याला पात्र ‘जन्म देणे’ म्हणते. घटना एकच आहे. क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे बदलले आहे. तेव्हा ‘नारु’ हा जगाविषयीचा सिद्धान्त नसून निवेदकाने घेतलेले स्थान आहे, ही शक्यता सर्वांत जुन्या संहितेतच उघडी आहे. नोरिनागांनंतरच्या चर्चेत तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

३

पुराणकथेकडून इतिहासलेखनाकडे वळल्यास ‘नारु’चे आणखी एक कार्य स्पष्ट होते. तेंदाइ पंथाचा प्रमुख मठाधिपती आणि फुजिवारा कुळातील एका शाखेचा पुत्र जिएन याने १२२० च्या सुमारास ‘गुकानशो’ हा ग्रंथ लिहिला. विद्वानांच्या चिनी भाषेऐवजी त्याने जपानी गद्य निवडले, सामान्य समजुतीच्या वाचकाला कळावे म्हणून. या ग्रंथातील सर्वांत अधिक उद्धृत होणारे वाक्य ११५६ सालच्या घटनेविषयी आहे. निवृत्त सम्राट तोबा मरण पावला, राजधानीत बंडाळी उद्भवली, आणि त्यानंतर जग ‘योद्ध्यांचे झाले’ असे जिएन सांगतो. तेथे क्रियापद ‘नारु’ आहे, आणि वाक्य संपते ते ‘असण्या’च्या ‘नारि’ने, होणे आणि असणे एकामागून एक येतात, आणि झालेला बदल वस्तुस्थिती म्हणून शिक्का मारून पुढे ठेवला जातो.

हे वाक्य वरवर पाहता अकर्तृक इतिहासदृष्टीचा आदर्श नमुना वाटेल. कोणी जग योद्ध्यांचे केले नाही. ते तसे झाले. कल्पांच्या वृद्धिक्षयाची बौद्ध कल्पना जिएनच्या मनात होती; जग उतरणीला लागले आहे असे तो मानत होता. पण त्याच्या लेखनाचा काळ ध्यानात घेतला की चित्र पालटते. निवृत्त सम्राट गो-तोबा हा कामाकुराच्या लष्करी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलण्याच्या तयारीत होता. ‘गुकानशो’ हा त्या साहसापासून दरबाराला परावृत्त करण्यासाठी लिहिला गेला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जग योद्ध्यांचे झाले आहे, तेव्हा त्यांच्याशी युद्ध नव्हे, समझोता हवा, असा त्याचा रोख होता. त्याचे ऐकले गेले नाही. १२२१ मध्ये युद्ध झाले, दरबार हरला, आणि गो-तोबाला ओकी बेटावर हद्दपार व्हावे लागले.

येथे ‘झाले’ हे क्रियापद एका कृतीचे साधन आहे. बदल हा कोणाच्या दुष्टाव्याचा परिणाम नसून झालेली गोष्ट आहे, असे म्हणणे ही श्रोत्याला एका विशिष्ट कृतीपासून रोखण्याची युक्ती आहे. ‘नारु’ म्हणणारा स्वतः निष्क्रिय असतोच असे नाही. पुष्कळदा तो अतिशय सक्रिय असतो, आणि आपली कृती घटनेच्या ओघाच्या नावावर नोंदवतो. हीच युक्ती शहाणपणासाठी वापरता येते तशी पळवाटेसाठीही वापरता येते. आणि विसाव्या शतकात तिचा हा दुसरा उपयोग ऐरणीवर आला.

४

मारुयामा मासाओ हे तोक्यो विद्यापीठातील राजकीय विचारांच्या इतिहासाचे प्राध्यापक. १९४५ मध्ये ते सैन्यात साधे शिपाई म्हणून हिरोशिमाच्या उजिना बंदरात होते. ६ ऑगस्टला अणुबॉम्ब पडला तेव्हा ते त्याच शहरात होते. मे १९४६ मध्ये ‘सेकाई’ मासिकातील निबंधात त्यांनी असा प्रश्न मांडला की एवढे मोठे युद्ध सुरू करणाऱ्यांपैकी कोणालाही आपण ते सुरू केले अशी जाणीव का नव्हती. जणू कशाने तरी ढकलले जाऊन सारे राष्ट्र घसरत घसरत युद्धात गेले. तोक्योच्या आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरणापुढे २८ आरोपी होते. त्यांच्या साक्षींचा अभ्यास करून १९४९ मध्ये मारुयामांनी सत्ताधाऱ्यांच्या बचावातील दोन सूत्रे दाखवली : घडून गेलेल्या गोष्टीपुढे शरण जाणे, आणि अधिकारमर्यादेच्या आड लपणे. १९४४–४५ मध्ये पंतप्रधान असलेले कोइसो कुनिआकी यांनी एकामागून एक लष्करी साहसांना आपला वैयक्तिक विरोध होता असे सांगितले. मात्र राष्ट्राचे धोरण एकदा ठरल्यावर त्याच्यासाठी झटणे हीच जपानी रीत, असेही सांगितले. धोरण कोणी ठरवले हा प्रश्न या उत्तरात उरतच नाही. ते ठरलेले असते.

मारुयामांच्या पुढील लेखनाला या अनुभवाची पार्श्वभूमी आहे. १९५८ च्या व्याख्यानात (ते १९६१ च्या ‘निहोन नो शिसो’ या पुस्तकात समाविष्ट झाले) त्यांनी ‘दे आरु’ म्हणजे असणे आणि ‘सुरु’ म्हणजे करणे अशी जोडी मांडली : हक्क ‘असतात’ म्हणून टिकत नाहीत, ते बजावले, ‘केले’, तरच टिकतात. १९७२ मध्ये ऐतिहासिक विचारांच्या एका संकलनाची प्रस्तावना म्हणून लिहिलेल्या ‘इतिहासजाणिवेचा प्राचीन स्तर’ या दीर्घ निबंधात त्यांनी ‘नारु’ केंद्रस्थानी आणले. जगाच्या उत्पत्तिकथांचे त्यांनी तीन क्रियापदांभोवती वर्गीकरण केले : घडवणे, जन्म देणे, होणे. ज्यू-ख्रिस्ती परंपरा ‘घडवण्या’च्या टोकाला, तर ‘कोजिकी’ ‘होण्या’च्या. नोरिनागांच्या त्रिविध अर्थांचा आधार घेऊन, ‘त्सुगी’ म्हणजे एकापाठोपाठ येणे, ‘नारु’ म्हणजे होणे आणि ‘इकिहोही’ म्हणजे आवेग, या तीन शब्दांतून त्यांनी एक सूत्र बांधले. इतिहास म्हणजे एकामागून एक होत जाणाऱ्या गोष्टींचा आवेग, ही धारणा जपानी इतिहासलेखनाच्या तळाशी अखंड वाहत आली आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे त्यांनी भूस्तराऐवजी संगीतातील प्रतिमा पसंत केली : वरची चाल परदेशातून येते, कधी कन्फ्यूशसची, कधी बुद्धाची, कधी मार्क्सची, खालचा ठेका तोच राहतो आणि वरच्या चालीला वाकवतो.

या निबंधामागची नैतिक आच नाकारता येत नाही. शत्रूंना नावे ठेवण्यासाठी तो लिहिलेला नाही, स्वतःच्या समाजाने कर्त्याला का हरवले हे शोधण्यासाठी लिहिला आहे. तळाचा ठेका ओळखणे हीच त्यातून सुटण्याची वाट, अशी मारुयामांची भूमिका होती. तरीही त्यांच्या पद्धतीत तीन अडचणी राहतात.

पहिली अडचण, नोरिनागांचा तिसरा अर्थ मारुयामांच्या समोर असूनही विवेचनाचा भार उगवत्या कोंबावर, म्हणजे पहिल्या अर्थावर, पडतो. काम तडीस जाणे हा अर्थ तळाच्या ठेक्यात ऐकू येत नाही. दुसरी अडचण, ज्या शब्दजोड्यांनी ते मोजमाप करतात त्या स्वतः इतिहासात घडलेल्या आहेत. ‘दे आरु’ हे लेखी गद्याचे सर्वमान्य वाक्यांतरूप म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, बोली आणि लेखी भाषा एक करण्याच्या चळवळीत, रुळले. तोवर ती जागा बहुतांशी ‘नारि’ची होती. ‘नारि’ लेखनातून हटल्यावरच ‘नारु’ हे असण्यापासून सुटे होऊन केवळ ‘होणे’ म्हणून डोळ्यांत भरू लागले. प्राचीन स्तराचा शोध अशा रीतीने एका आधुनिक गद्याच्या भिंगातून झाला आहे. तिसरी अडचण अधिक मूलगामी आहे. शब्दाच्या मुळाशी समाजाचे नशीब शोधणे ही नोरिनागांचीच पद्धत होय. त्यांनी ज्याचा गौरव केला त्यावर मारुयामांनी आरोप ठेवला. पण आदिम शब्दात जातीय अंतःकरण साठलेले असते हे गृहीतक दोघांत समान राहिले.

५

साहित्याच्या क्षेत्रात हाच प्रश्न वेगळ्या स्वरात पुढे आला. समीक्षक कोबायाशी हिदेओ यांनी १९४६ मध्ये ‘किन्दाइ बुंगाकु’ मासिकाच्या परिसंवादात युद्धासंबंधी पश्चात्ताप व्यक्त करायला नकार दिला. हुशार माणसांनी हवा तेवढा करावा, असा त्यांचा उपरोध होता. काही जणांचे अज्ञान आणि महत्त्वाकांक्षा नसती तर युद्ध टळले असते असे मानणे त्यांना उथळ वाटत होते. इतिहासाची अपरिहार्यता त्याहून भयंकर आहे, असे ते म्हणाले. तरुण समीक्षकांच्या सोयीस्कर नीतिमत्तेवर त्यात नेमका प्रहार होता. पण अपरिहार्यतेच्या त्या भव्य जाणिवेत कोणी कोणता हुकूम दिला हा लहान, नीरस प्रश्न बुडून जातो, हेही खरे.

तो प्रश्न कोबायाशींच्याच वर्तुळात वाढलेल्या एका लेखकाने उचलला. ओओका शोहेई (१९०९–१९८८) हे स्तांदालचे अनुवादक. १९४४ मध्ये त्यांना सैन्यात भरती व्हावे लागले आणि जानेवारी १९४५ मध्ये फिलिपिन्समधील मिंदोरो बेटावर ते अमेरिकी सैन्याच्या हाती सापडले. ‘नोबी’ ही त्यांची कादंबरी सर्वज्ञात आहे. येथे महत्त्वाचा ठरतो तो ‘लेइते सेन्की’, १९६७ ते १९६९ या काळात क्रमशः आणि १९७१ मध्ये पुस्तकरूपाने आलेला लेइते बेटावरील लढाईचा वृत्तांत. त्यात ओओका तुकड्यांच्या हालचाली, हुकूम, चुकीचे अंदाज, रसद यांचा दोन्ही बाजूंच्या कागदपत्रांवरून माग काढतात. सैन्याची स्थिती बिकट ‘झाली’ असे लष्करी अहवालात जेथे असते तेथे ते थांबतात आणि विचारतात : कोणी, केव्हा, काय माहीत असताना, काय ठरवले. हा ग्रंथ जपानी भाषेतच लिहिलेला आहे, त्याच व्याकरणात, त्याच क्रियापदांसह. ‘नारु’ त्यातही आहे. पण तेथे तो वाक्याचा शेवट असून चौकशीचा शेवट नाही.

येथेच भाषेवरून संस्कृती ठरवण्याच्या विचाराची मर्यादा उघड होते. १९८१ मध्ये भाषाशास्त्रज्ञ इकेगामी योशिहिको यांनी ‘सुरु’ आणि ‘नारु’ यांचे भाषाशास्त्र मांडणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. काही भाषा घटनेतून कर्ता वेगळा काढून त्याला पुढे आणतात, इंग्रजी त्यांपैकी. काही भाषा घटनेकडे सबंधपणे पाहतात आणि कर्त्याला तिच्यात विरघळू देतात, जपानी त्यांपैकी. हे निरीक्षण भाषावैज्ञानिक कल म्हणून मोलाचे आहे, आणि इकेगामींनी ते काळजीपूर्वक मांडले. परंतु त्याचे लोकप्रिय रूपांतर ‘जपानी माणूस जबाबदारी घेत नाही, कारण त्याच्या भाषेत होणे आहे’ असे झाले की ते भाषाशास्त्र राहत नाही.

मराठीचे उदाहरण या ठिकाणी उद्बोधक ठरते. ‘मला राग आला’, ‘त्याला दोन मुलगे आहेत’, ‘माझ्या हातून काच फुटली’, ‘लग्न ठरले’, ‘आपले येणे केव्हा झाले’ : इकेगामींच्या कसोटीने मराठी निःसंशय ‘होण्या’च्या बाजूला पडेल. इंग्रजी माणूस राग ‘होतो’, मुलगे ‘बाळगतो’. मराठी माणसाकडे राग येतो आणि मुलगे असतात. तरीही या वाक्यांवरून मराठी इतिहासजाणीव अकर्तृक ठरवण्याचा उद्योग कोणी गंभीरपणे करणार नाही. याच भाषेत ‘करण्यात येत आहे’ हा शासकीय प्रयोगही आहे, ज्यात करणारा कोण हे शेवटपर्यंत कळत नाही. ‘राग आला’ यातील अकर्तृकता अनुभवाला धरून आहे. ‘करण्यात येत आहे’ यातील अकर्तृकता सोयीची आहे. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्हींत कर्ता मागे सरतो, पण नीतीच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतील फरक क्रियापद सांगत नाही. तो प्रसंग, बोलणारा आणि ऐकणारा यांच्या संबंधात असतो.

‘नारु’च्या इतिहासाचे फलित या फरकात शोधले पाहिजे. फळ धरते तेव्हा कर्ता विचारणे निरर्थक आहे. झाडाचा तो धर्म आहे. वरिष्ठांचे परतणे ‘होते’ तेव्हा कर्ता ठाऊक असतो, आदरापोटी त्याच्याकडे बोट दाखवले जात नाही. लग्न करायचे असे ‘होते’ तेव्हा दोन घरांच्या सहभागाची नम्र कबुली असते. जिएनच्या ‘झाले’मध्ये युद्ध टाळण्याचा सल्ला असतो. धोरण ठरलेले असते, असे न्यायाधिकरणापुढे सांगितले जाते तेव्हा आदराचे, नम्रतेचे आणि शहाणपणाचे हे सर्व जुने आकार एका पळवाटेच्या कामी लावलेले असतात. पळवाट नवी असते. तिला विश्वासार्ह करणारा सूर जुना असतो. मारुयामांनी तो सूर अचूक ऐकला. त्याचे कूळ मात्र त्यांनी वापरण्याऐवजी उगमात शोधले.

उरते ते कर्तव्याचे रूप. ‘केले नाही तर होत नाही’ या रचनेत जपानी भाषेने सर्वांत कठोर नैतिक अर्थ याच क्रियापदाच्या नकाराकडे सोपवला आहे. त्यातील पहिल्या भागात ‘सुरु’, करणे. दुसऱ्यात ‘नारु’, होणे. न करण्याने जग जसे व्हायला हवे तसे होत नाही, म्हणून करणे भाग आहे, असा तिचा अन्वय लावता येतो. योझानच्या पद्याचा आणि नोरिनागांच्या तिसऱ्या अर्थाचा धागा येथे रोजच्या बोलण्यात टिकून आहे. शाळकरी मुलापासून मंत्र्यापर्यंत प्रत्येक जपानी भाषक दिवसातून अनेकदा हे वाक्य उच्चारतो. मारुयामांचे निधन १५ ऑगस्ट १९९६ रोजी, युद्धसमाप्तीच्या ५१ व्या स्मृतिदिनी झाले. ज्या क्रियापदात त्यांना कर्ता हरवलेला दिसला, त्याच्याच नकारार्थी रूपात कर्त्यावरील बंधन व्यक्त होत आले आहे. ‘झाले’ असे कोणी म्हटले की कोणी केले हे विचारायचे की नाही, याचा निर्णय भाषा करून देत नाही. तो ऐकणाऱ्याने करायचा असतो.